‘घरात फक्त इंग्रजीच बोला’ म्हणतात. मराठी बंद करू का?

प्रश्न

डिचोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून थोडक्यात देते.

मुलगा पावणेचार वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. कान तपासून झाले, ऐकू नीट येतं. आजी-आजोबा आपसात कोकणी बोलतात, आई-बाबा मराठी, आणि शेजारी दोन्ही. मोबाईलवरची इंग्रजी बडबडगीतं मुलाला पाठ आहेत, पन्नासपर्यंत आकडे येतात, रंग येतात. पण पाणी हवं असलं की तो आईचा हात धरून फ्रीजकडे ओढत नेतो, नाहीतर तिलाच विचारतो, "तुला पाणी हवंय?" आजोबा बातम्या लावतात, त्यातलं "भेटूया एका छोट्याशा ब्रेकनंतर" हे वाक्य तो जेवताना, न्हाव्याकडे, देवळात आरती चालू असताना, कुठेही म्हणतो. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकला की धावत फाटकाशी जातो. एका थेरपिस्टने सांगितलं की इतक्या भाषांनी तो गोंधळलाय, पुढे शाळा इंग्रजीच असणार, तर घरात फक्त इंग्रजी ठेवा. "चार महिने झाले, आम्ही त्याच्याशी 'कम', 'सिट', 'ईट' एवढंच बोलतो. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्या नातवासमोर गप्पच असतात." सासरे म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला, थांबा. सासूबाई जिभेला वेखंड लावतात. चित्रांची कार्डं सुरू करावीत असं कुणी सुचवलं, पण नवऱ्याला वाटतं की कार्डांची सवय लागली तर तो बोलायचे कष्टच घेणार नाही. चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळं गणगोत घरी येणार. जूनमध्ये शाळा. "मराठी पूर्ण बंद करू का? आणि तो बोलेल ना?"

उत्तर

ताई,

मराठी बंद करू नका. कोकणीही बंद करू नका. सासूबाईंना आजच सांगा की नातवाशी पूर्वीसारखं बोला. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आधी करा.

हा सल्ला मिळालेल्या तुम्ही एकट्या नाही. गोव्यात तर हा सर्रास दिला जातो, कारण इथे एका भाषेचं घर सापडणंच कठीण. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो आणि तो ऐकायला पटण्यासारखाही वाटतो. ज्याला एक भाषा जड जातेय त्याच्यावर तीन कशाला लादायच्या? पण यात असं गृहीत धरलंय की मुलाचं डोकं म्हणजे मापाची बरणी, मराठी काढली की इंग्रजीला जागा होईल. तसं होत नाही. मॉन्ट्रियलमधल्या दोन संशोधकांनी २०१२ साली ऑटिझम असलेल्या ७५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलं एकाच भाषेत वाढत होती, काही दोन भाषांत. दोन भाषांतली मुलं बोलण्यात जास्त मागे पडलेली दिसली नाहीत. नंतरच्या अभ्यासांतही साधारण हेच चित्र आहे. हे अभ्यास लहान आहेत आणि घरात भाषा कोणती हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांतून सगळंच सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. पण एक भाषा काढून घेतल्याने दुसरी लवकर येते, याला आधार सापडत नाही.

उलट बाजू तुमच्याच पत्रात आहे. चार महिन्यांपूर्वी या मुलाच्या कानावर दिवसभर काय काय पडत असेल? आजीची पुटपुट, आजोबांचं रागावणं, तुमचं "अरे देवा, सांडलं बघ", भाजीवालीशी घासाघीस. आता त्याच्या वाट्याला तीन क्रियापदं आली आहेत आणि तिन्ही हुकूम आहेत. आपल्याला ज्या भाषेत लाड करता येत नाहीत, थट्टा करता येत नाही, तिच्यात आपण मुलाशी कमी बोलतो, आणि बोलतो ते बहुतेक कामापुरतं. ज्या घरात इंग्रजीच सहज येते त्यांनी इंग्रजी बोलावं, माझी काही हरकत नाही. तुमच्या घरात ती सहज येत नाही. एकाने मराठीच बोलायचं, दुसऱ्याने कोकणीच, असले नियमही नकोत. तुम्ही 'पाणी' म्हणा, आजी 'उदक' म्हणू दे. गोव्यातली मुलं दोन्ही ऐकतच मोठी होतात.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीताकडे येते. "तो बोलेल ना?" असं विचारता, म्हणजे तो बोलत नाही असं तुम्ही धरलंय. मी पत्र दोनदा वाचलं आणि मला तसं वाटेना.

"तुला पाणी हवंय?" हे वाक्य त्याने कुठून आणलं? तुमच्याकडून. तुम्ही ते म्हणता आणि मग पाणी येतं. त्याने अख्खं वाक्य जसंच्या तसं उचललंय, त्यातल्या 'तुला'सकट, आणि नेमक्या जागी वापरलंय. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमवरचा पहिला प्रसिद्ध निबंध लिहिला. 'मी'च्या जागी 'तू' म्हणणारी मुलं त्यातही आहेत. पुढे बराच काळ ही 'पोपटपंची' मोडून काढायची, असं मानलं जाई. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं कोणतं वाक्य कोणत्या वेळी म्हणतात हे बारकाईने पाहिलं, तेव्हा त्यातून मागणी, नकार, होकार, स्वतःला धीर देणं असं बरंच काही निघालं. बरीच मुलं भाषा सुटे शब्द जोडून शिकत नाहीत. ती आधी सबंध तुकडे उचलतात आणि मग हळूहळू ते फोडतात.

मग तो ब्रेक. 'कुठेही म्हणतो' असं लिहून तुम्ही तो 'अर्थ नसलेलं बोलणं' या रकान्यात टाकलाय. पण प्रसंग तुम्हीच दिलेत: जेवण, न्हावी, आरती. तिन्ही ठिकाणी त्याला बराच वेळ एका जागी बसवलेलं असतं आणि उठायचं असतं. आजोबांच्या टीव्हीवर ते वाक्य आलं की चाललेलं थांबतं आणि दुसरं काहीतरी सुरू होतं. मला तर वाटतं पोराने फार हुशारीने वाक्य निवडलंय. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण तपासायला सोपा आहे. पुढच्या वेळी जेवताना म्हणाला की शांतपणे म्हणा, "झालं. उठूया," आणि खरंच उठू द्या. वाक्याने काम होतं हे कळलं की तो ते जास्त वेळा म्हणेल. त्याने घाबरू नका. काही दिवसांनी त्याच्या तोंडात तुमचं "झालं, उठूया" येण्याची शक्यता आहे. पाण्याचंही तसंच. "असं नाही म्हणायचं" किंवा "मला नको, तुला हवंय ना?" असं काही नको. त्याने म्हणायला हवं ते त्याच्या बाजूने तुम्ही एकदाच म्हणा, "पाणी दे," आणि पाणी द्या. म्हणून दाखवल्याशिवाय मिळणार नाही, अशी अट घालू नका.

प्रत्येक वाक्यामागे अर्थ असतोच असं नाही. कधी नुसता तो आवाज बरा वाटतो म्हणूनही मूल म्हणत राहतं. प्रत्येक ओळीची चौकशी करत बसाल तर दमून जाल.

आणखी एक गोष्ट बघा. त्याला येणारं इंग्रजी सगळं पाठांतर आहे: गाणी, आकडे, रंग. ज्या दोन वाक्यांनी त्याचं काम होतं ती दोन्ही मराठी आहेत, आणि तीही चार महिने घरात मराठीला बंदी असताना टिकली आहेत. थेरपिस्टना हे नक्की सांगा. त्यांना सोडून देण्याची गरज नाही. "आम्ही घरी मराठी-कोकणी बोलणार आहोत, घरी करायचा सराव आम्हाला त्या भाषांत द्या," एवढं स्पष्ट सांगा. चांगली थेरपिस्ट हे मान्य करेल. आणि कुणाकडेही जात असलात तरी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारायला संकोच करू नका.

घरी करायचं काय? मला तुमच्या पत्रातला पोदेर फार आवडला. रोज ठरलेल्या वेळी, ओळखीचा आवाज करत, मुलाला हवी ती वस्तू घेऊन माणूस दारात येतो, याहून चांगली थेरपीची खोली कुठे मिळणार? भोंगा ऐकून तो फाटकाशी गेला की तुम्हीही जा, पण लगेच बोलू नका. त्याच्या उंचीला बसा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. हे वाटतं त्यापेक्षा कठीण आहे, आपली जीभ वळवळते. तो उड्या मारेल, फाटक हलवेल, कदाचित क्षणभर तुमच्याकडे बघेल. तेव्हा म्हणा, "पोदेर आयलो!" सायकलवरच्या टोपलीचं निळं प्लास्टिक बाजूला झालं की पुन्हा थांबा. हात पुढे केला तर "पाव". तो स्वतः "पाव" म्हणाला तर तुम्ही एक शब्द वाढवा, "गरम पाव". पैसे त्याच्या हातून द्या. घरात आल्यावर अख्खा पाव हातात देऊन मोकळं होऊ नका. छोटा तुकडा द्या आणि पुन्हा त्याची वाट बघा. त्याने नुसता तुमचा हात ढकलला तरी ते मागणंच आहे, तसं समजून द्या. एवढंच, पण रोज. त्यात "हा कोण? हे काय? रंग कुठला?" असली तोंडी परीक्षा घालू नका. प्रश्न विचारला की ही मुलं बऱ्याचदा गप्प होतात, आणि आपण प्रश्न फार विचारतो.

हे माझ्या पदरचं नाही, आणि परदेशातून आणून तुमच्या गळ्यात मारलेलंही नाही. गोव्यातली 'संगाथ' ही संस्था, रावळपिंडीतले सहकारी आणि इंग्लंडमधले संशोधक यांनी ही पद्धत गोवा आणि रावळपिंडीतल्या दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांबरोबर करून पाहिली, आणि २०१६ साली लॅन्सेट सायकिअट्रीत तिचे निष्कर्ष छापून आले. घरी जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, खास प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा महिन्यांत बारा बैठका. आई किंवा बाबा मुलाशी खेळतात त्याचं थोडं चित्रण करायचं, आणि मग ते दोघांनी बसून बघायचं: इथे मुलाने काय केलं, त्यावर तुम्ही काय म्हणालात. सहा महिन्यांनी आईबाप मुलाच्या कलाने जास्त बोलू लागले होते आणि मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली होती. सगळंच सुधारलं असं नाही, दोघांनी एकाच गोष्टीत मिळून लक्ष घालण्याचा वेळ उलट कमी झाला. तरी ज्यांच्या गावात थेरपिस्ट नाही, किंवा आठवड्यातून एकदा अर्ध्या तासासाठी दोन बस बदलून जावं लागतं, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

यातलं एक काम तुमच्या नवऱ्याकडे सोपवा. आठवड्यातून एकदा त्यांनी मुलाशी खेळावं आणि तुम्ही फोनवर दोन-तीन मिनिटं चित्रण करावं. पुढच्या वेळी उलट. मूल झोपल्यावर दोघांनी बघा, एकमेकांच्या चुका काढायला नाही, तर मुलाने केलेलं आणि आपल्या नजरेतून सुटलेलं काय आहे ते शोधायला.

कार्डांबद्दलची त्यांची भीती मला समजते. कुबडी दिली तर पाय वापरणार नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण अनुभव वेगळा आहे. चित्र देऊन वस्तू मागण्याची पद्धत अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये १९८५ साली सुरू झाली, म्हणजे ती कित्येक वर्षं वापरात आहे. अशा साधनांवरच्या २००६ सालच्या एका आढाव्यात नीट नोंदी असलेली २७ माणसं होती. त्यांतल्या ८९ टक्के जणांचं बोलणं थोडंफार वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं, कमी कुणाचंच झालं नाही. वाढ बहुतेकांची बेताचीच होती, तेव्हा कार्ड आणलं की बोलणं फुटलं असं समजू नका. त्यांचा पहिला फायदा वेगळाच आहे: हवं ते सांगता आलं की आदळआपट कमी होते. बाजारातले तयार संच आणायची गरज नाही, त्यांतलं सफरचंद आणि अग्निशमन गाडी घेऊन तुम्ही काय करणार? घरातल्याच वस्तूंचे फोटो काढा: त्याचा पाण्याचा पेला, पाव, झोपाळा, चपला. छापून फ्रीजवर त्याच्या हाताला येतील असे लावा. 'नको' आणि 'बास' यांची कार्डं पहिल्या दिवसापासून ठेवा, मागण्याइतकाच नाकारण्याचाही त्याला हक्क आहे. कार्ड वापरताना तुम्ही शब्द बोलायचाच. फोनवर हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप आहे, त्यात मराठीही आहे.

फोन त्याच्या हातात किती वेळ असतो हे तुम्ही लिहिलं नाही. मोबाईलमुळे ऑटिझम झाला असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास ही मर्यादा सांगितली आहे, ती पाळा. फोन मुलाची वाट बघत थांबत नाही, तुम्ही थांबता.

सासऱ्यांना मान देऊन सांगा की थांबणार नाही. काही मुलं उशिरा बोलतात आणि पुढे अगदी ठीक होतात हे खरं, पण तुमच्याकडे निदान झालेलं आहे. हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठीही लिहिते: सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, किंवा येत असलेलं बोलणं कुठल्याही वयात गेलं, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत बसू नका. आधी कान तपासा, मग बालविकासाच्या डॉक्टरांकडे जा. बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आहे, सरकारी बालआरोग्य कार्यक्रमातली तपासणी आहे, 'सेतू'सारखी संस्था आहे. वेखंड मात्र बंद करा. अडचण जिभेत नाही, आणि वेखंड पोटात गेलं तर लहान मुलांना उलट्या होऊ शकतात. सासूबाईंचा हात रिकामा राहू नये म्हणून त्यांना दुसरं काम द्या. त्यांना येणारं एखादं बडबडगीत रोज म्हणायला सांगा आणि शेवटचा शब्द गाळून थांबायला सांगा. चार महिने गप्प बसवलेल्या बाईला एवढं तरी देणं लागतोच.

तो बोलेल का? नक्की हो म्हणणारा आणि नक्की नाही म्हणणारा, दोघांपासूनही सावध राहा. चार वर्षांच्या वयात शब्द जोडून न बोलणाऱ्या, ऑटिझम असलेल्या ५३५ मुलांचा अमेरिकेत अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौथ्या वर्षी किंवा त्यानंतर त्यांतली ७० टक्के शब्द जोडून बोलू लागली, ४७ टक्के सफाईने बोलू लागली. म्हणजे चौथ्या वर्षी दार बंद होतं हे खोटं. आणि काही मुलं तोंडाने फारशी बोलत नाहीत, हेही तितकंच खरं. ती चित्रांनी, फोनने, लिहून सांगतात. तुमचा मुलगा आत्ताच वाक्यं वापरतोय, त्यामुळे मला आशा वाटते, पण तारीख देता येणार नाही.

चवथीचं थोडक्यात. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना त्याला बरोबर घ्या, एकेक फळ त्याच्या हातून द्या. पाहुणे यायच्या आत घरातली एक खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवा, फटाके वाजले की तिथे जाता येईल अशी. आणि "काकांना एबीसीडी म्हणून दाखव" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतातच. त्यांना दारातच आवरायचं काम मुलाच्या बाबांचं, तुमचं नव्हे.

कागदपत्रं शाळेच्या आधी करून टाका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्याचं प्रमाणपत्र काढा. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची आहे आणि तिच्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत बसतो.

आता जून. शाळेचं माध्यम कोणतं, हा प्रश्न मी शेवटीच ठेवेन. गावातली मराठी सरकारी शाळा आणि तालुक्यातली इंग्रजी शाळा, दोन्हींत एकेक दिवस जाऊन बसा. वर्गात मुलं किती, बाईंना मदतनीस आहे का, गोंगाट असह्य झाला तर त्याला बाहेर जायला जागा आहे का, त्याची कार्डं वर्गात चालतील का, हे विचारा. ज्या शाळेतल्या बाई त्याचं ब्रेकचं वाक्य ऐकून हसतील आणि मग त्याला उठू देतील, तिथे घाला, माध्यम कोणतंही असो. दिव्यांग म्हणून दाखला नाकारण्याचा अधिकार सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला कायद्याने नाही. कुणी तोंडी नाकारलं तर तेच लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी देत नाहीत, आणि बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.